चीफसाहेबांचे दोन कॅमशाफ्ट

चीफसाहेबांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या आमच्या मजल्यावर, समुद्रावर असलेल्या जहाजांच्या इंजिनांचे आकडे पडद्यावर येत राहतात. कुठे तापमान चढलं, कुठे तेलाचा दाब उतरला, हे बघून आम्ही जहाजाला कळवतो. काम इंजिनाचंच, पण इंजिन हजारो मैल लांब. मला ते तसंच बरं वाटायचं.

"शनिवारी मोकळा आहेस का?" त्यांनी विचारलं. "गाडीचं इंजिन टेस्टला लावतोय. मला तुझे कान हवेत."

चीफसाहेब म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी दोन जहाजांवर काम केलं ते चीफ इंजिनियर. आता निवृत्त होऊन काकूंबरोबर यिशुनच्या फ्लॅटमध्ये राहतात. उभं आयुष्य इंजिनरूममध्ये गेलं, त्यामुळे त्यांना ऐकू फार कमी येतं. कानात यंत्र असतं, पण गोंगाटात त्याचा काही उपयोग नाही. तरुणपणी अमेरिकेच्या एका बंदरात त्यांनी एक गाडी पाहिली होती. लांबलचक बॉनेट, दोनच दारं, आत आठ सिलिंडरचं इंजिन. ती त्यांच्या डोक्यातून कधी गेलीच नाही. सिंगापूर सोडून निघालेल्या एका गृहस्थांकडे तशीच गाडी मिळाली, आणि त्यांनी ती घेतली. इतकी जुनी गाडी इथे वर्षातले मोजकेच दिवस रस्त्यावर काढता येते. बाकीचे दिवस हे तिच्या खाली असतात, असं काकू म्हणतात.

इंजिन त्यांनी पूर्ण खोलून नव्याने बांधलं होतं. आता प्रश्न उरला होता तो कॅमशाफ्टचा. इंजिनाचे व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे हे हा एक दांडा ठरवतो. इंजिनाचा स्वभाव त्याच्यातच असतो म्हणा ना. चीफसाहेबांकडे दोन होते. एक मूळ इंजिनाला होता तसा, सौम्य. दुसरा अमेरिकेहून मागवलेला, शर्यतीच्या वळणाचा, तापट. दोन्ही आळीपाळीने लावायचे, इंजिन डायनोवर चालवायचं, आणि ताकद मोजून ठरवायचं, असा बेत होता. डायनो म्हणजे इंजिनाला पाण्याच्या ब्रेकशी जोडून त्याचा जोर मोजणारं यंत्र.

मी हो म्हणालो. फोन ठेवला आणि लगेच वाटलं, नाही म्हणायला हवं होतं.

त्याचं कारण बायकोशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. माझ्या शेवटच्या जहाजावर एका जनरेटरचा कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाची बाजू फोडून बाहेर आला. मी तेव्हा वरच्या पायऱ्यांवर होतो. कोणालाही लागलं नाही. पण मी थोड्याच वेळापूर्वी जिथे उभा होतो तिथल्या लोखंडी जाळीला भोक पडलं होतं, आणि खाली गरम तेलाचा धूर दाटला होता. करार संपेपर्यंत मी तिथे काम केलं. पण चालत्या इंजिनाजवळ गेलो की कान नको ते ऐकायला लागायचे. प्रत्येक ठोका मला शेवटचा वाटायचा. घरी आलो आणि परत गेलो नाही. सगळ्यांना सांगितलं, मुलगी लहान आहे, आता किनाऱ्यावर राहतो. चीफसाहेब त्या जहाजावर नव्हते. त्यांनाही मी तेच सांगितलं होतं.

शनिवारी बेडोकहून यिशुनला निघालो. एमआरटीच्या ट्रेनमध्ये बसल्यावर मनात तालीम सुरू झाली. काच असेल. काचेमागे उभं राहायचं. आपण फक्त बघणार आहोत.

वर्कशॉप यिशुनच्या औद्योगिक इमारतींच्या रांगेत होतं. मालक पन्नाशीचा चिनी गृहस्थ, कमी बोलणारा. मागच्या बाजूला जाड भिंतींची एक खोली होती, तिथे निळ्या रंगाचं ते इंजिन लोखंडी चौकटीवर बसवलेलं. खोलीला एक काच, काचेच्या अलीकडे मीटर आणि थ्रॉटलचा दांडा.

"नवीन कॅमशाफ्टची पहिली वीस मिनिटं महत्त्वाची," मालकाने मला सांगितलं. "इंजिन सुरू झालं की लगेच मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर. हळू चालवायचं नाही, मध्येच सारखं बंद करायचं नाही. नाहीतर कॅम आणि त्याच्यावर घासणारे टॅपेट एकमेकांना खाऊन टाकतात. मग सगळ्या इंजिनात लोखंडाचा चुरा."

हे मला ठाऊक होतं, पण त्याच्या तोंडून ऐकल्यावर ते अधिक खरं झालं.

त्या दिवशी सौम्य कॅमशाफ्ट लावलेला होता. इंजिन सुरू झालं तशी काच थरथरली. चीफसाहेबांनी टेबलावर तळहात टेकला आणि डोळे मिटले. त्यांना आवाज हातातून कळतो. मी कानांवर मफ चढवले, आणि जेमतेम तीन-चार मिनिटं उभा राहिलो. मग ऑफिसचा फोन आल्यासारखा मोबाइल कानाला लावून बाहेर गेलो. शेजारच्या गाळ्यात कोणीतरी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या कापत होतं. तो आवाज मला चालत होता. मी तिथेच, पहिली वीस मिनिटं संपेपर्यंत उभा राहिलो.

परत गेलो तेव्हा चाचण्या सुरू होत्या. इंजिन खालच्या फेऱ्यांपासून वर नेत होते आणि पडद्यावर रेघ उमटत होती. सौम्य कॅमचं इंजिन खालीच भरपूर जोर देत होतं, वर जाऊन लवकर दमत होतं. चीफसाहेबांनी आकडे पाहिले आणि मला विचारलं, "आवाज कसा होता?"

"चांगला होता," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चल, जेवायला जाऊ."

हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीतून, त्यांनी दोघांसाठी कोपी म्हणजे इथली कॉफी आणि माझ्यासाठी पराठ्यासारखा रोटी प्राटा आणला. तिथेही आवाज होता, त्यामुळे आम्ही शेजारी शेजारी बसलो, मी त्यांच्या बऱ्या कानाच्या बाजूला.

"तू बाहेर गेला होतास," ते म्हणाले. "फोनवर बोलणाऱ्या माणसाचे ओठ हलतात. तुझे हलत नव्हते. मला आता कानापेक्षा डोळ्यांनीच जास्त ऐकू येतं."

मग मी सांगितलं. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, बरंच मोठ्याने. आजूबाजूच्या टेबलांवरच्या लोकांना मराठी कळत नव्हतं म्हणून जमलं. जनरेटर, जाळी, धूर, आणि नंतरचे ते सगळे महिने. संपल्यावर त्यांनी कोपीचा कप थोडा बाजूला सरकवला.

"मग पुढच्या शनिवारी दाराबाहेर उभा राहा," ते म्हणाले. "आवाज तिथेही येतो. पण ये. मालक भला माणूस आहे, पण तो मीटर बघतो. माझ्याकडे कान नाहीत. दुसरा कॅम तापट आहे, त्याच्या स्प्रिंगा कडक आहेत, टॅपेटवर जास्त दाब येतो. कोणीतरी ऐकायला हवं."

धीर देणारं एक वाक्यही ते बोलले नाहीत, आणि मला त्याचं बरं वाटलं. पण तो आठवडा वाईट गेला. ऑफिसात आकडे बघताना लक्ष उडायचं. एका संध्याकाळी बायकोने विचारलं, "नाही गेलास तर काय होईल?" मी म्हणालो, "काही नाही." ती म्हणाली, "मग जा. काही होणार असतं तर मी नको म्हटलं असतं." तिचा हा न्याय मला नीट कळला नाही, पण मी गेलो.

आठवड्याच्या मधल्या दिवसांत मालकाने पहिला कॅमशाफ्ट काढून दुसरा बसवला होता. पहिल्याचे टॅपेट एका अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीने मांडून ठेवले होते, कारण जो टॅपेट ज्या जागेवर घासला तो पुन्हा तिथेच जावा लागतो. चीफसाहेबांनी प्रत्येक खाच्यापाशी पेन्सिलने आकडा घातला होता. काकूही आल्या होत्या, डब्यात साबुदाण्याची खिचडी घेऊन. त्या ऑफिसच्या खुर्चीत बसल्या आणि विणकाम काढलं.

इंजिन सुरू झालं. तापट कॅमची जात पहिल्या क्षणापासून कळली. आवाजात एक खरखरीत रेटा होता. मी दाराजवळ होतो. तेलाचा दाब ठीक, तापमान ठीक. मी मनात श्वास मोजत होतो. आणि मग ती आली.

टक. टक. टक. बारीक, कोरडी, इंजिनाच्या लयीत.

आधी मला वाटलं, हे माझे कान. जहाजावरही असंच व्हायचं. मी मफ काढले, पुन्हा घातले. टकटक गेली नाही. मी मालकाकडे गेलो आणि हाताने खूण केली. त्याने मान हलवली. त्याला काचेतून ऐकू येत नव्हतं आणि मीटरवर सगळं शहाण्यासारखं होतं. चीफसाहेब माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"कुठून येतंय?" त्यांनी विचारलं.

"डावी बाजू. टॅपेटही असू शकेल."

"असू शकेल की आहे?"

मालकाचा हात थ्रॉटलवर होता. बंद केलं तर पहिली वीस मिनिटं अर्धवट राहणार. नाही केलं आणि ती टॅपेटची टकटक असली, तर मिनिटामिनिटाला कॅम झिजत जाणार. दोघंही माझ्याकडे बघत होते. इथून सांगता येणार नव्हतं. आत जाऊन ऐकावं लागणार होतं.

भिंतीवर हत्यारं टांगलेली होती. त्यातला सर्वांत लांब स्क्रूड्रायव्हर मी घेतला. जहाजावर आम्ही असंच ऐकायचो, एक टोक लोखंडाला आणि दुसरं कानामागच्या हाडाला. मालक म्हणाला, "पुढून नको, पट्टा फिरतोय. बाजूने जा. हळू, हं."

दार उघडलं तशी गरम हवा अंगावर आली. पाय पुढे जायला तयार नव्हते, हे मी शब्दशः सांगतो. मला खाली बघून एकेक पाऊल टाकावं लागलं. डोळ्यांसमोर ती फाटलेली जाळी होती. इंजिनापाशी पोचलो. स्क्रूड्रायव्हरचं टोक डाव्या व्हॉल्व्ह कव्हरवर टेकवलं आणि मूठ कानामागे दाबली.

आत गडबड होती, पण ती सारखी होती, सोळा टॅपेटांची एकसुरी सळसळ. टोक पुढे सरकवलं, मागे सरकवलं. टकटक लोखंडात नव्हती. बाहेर मात्र होती. मग मी दुसरा हात एक्झॉस्टच्या पाइपाजवळ, जिथे तो इंजिनाला जोडतो तिथे, जपून नेला. मागच्या सिलिंडरपाशी बोटांना गरम फुंकर लागली, थांबून थांबून, प्रत्येक टकटकीबरोबर. जोडाचं गॅस्केट नीट बसलं नव्हतं. धूर फटीतून निसटत होता, इतकंच.

बाहेर येऊन मी म्हणालो, "चालू ठेवा. एक्झॉस्ट गळतोय." माझा आवाज मलाच परका वाटला.

मालकाने लगेच मान डोलावली. चीफसाहेबांनी विचारलं, "नक्की?"

"नक्की," मी म्हणालो, आणि त्याच क्षणापासून मला शंका यायला लागल्या. दोन्ही असलं तर? फुंकर खरी आणि टॅपेटही खरा? उरलेला सगळा वेळ मी दारात उभा राहून हेच घोकत होतो. बंद करा म्हणणं किती सोपं होतं. कोणी काही बोललं नसतं.

इंजिन थांबल्यावर मालकाने तेलाचा फिल्टर काढला, कापला आणि आतला घड्यांचा कागद टेबलावर उलगडला. कॅम झिजला असेल तर त्याचा चुरा इथे चमकतो. चांदीची पूड सांडल्यासारखा. त्याने बॅटरी धरली. मी बघू शकलो नाही. काकू माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनीच वाकून बघितलं आणि विचारलं, "काळंच असायला हवं ना हे?"

"हो," चीफसाहेब म्हणाले. "काळंच."

मी खाली बसलो. काकूंनी खिचडीचा डबा माझ्या हातात दिला, आणि मी तो अर्धा संपवला हे मला नंतर कळलं.

दुपारी गॅस्केट बदलून चाचण्या झाल्या. तापट कॅमने वरच्या फेऱ्यांना पहिल्याला सहज मागे टाकलं. पण खालचा जोर गेला होता, आणि नुसतं उभं चालवलं की इंजिन खालीवर हेलकावत होतं. चीफसाहेबांनी पुन्हा टेबलावर हात टेकला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते सौम्य कॅमच्या वेळी आलं नव्हतं. त्यांना हे इंजिन जाणवत होतं.

मालक म्हणाला, "अंकल, इथे सिग्नलमागे सिग्नल. पहिला कॅम बरा."

ते माझ्याकडे वळले. "तू बोल."

मला त्यांचा चेहरा दिसत होता, तरी मी बोललो. "सर, या कॅमने इंजिनाची हवेची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, कमी होते. ब्रेकला मदत त्याच ओढीने मिळते. सिग्नलला उभे असताना पेडल दगड होईल. काकू शेजारी असणार."

त्यांनी पडद्याकडे तोंड फिरवलं. निरोपही धड घेतला नाही. मी आठवडाभर धरून चाललो होतो की त्यांना दुखावलं. मग फोन आला: "पहिला परत बसवलाय. रविवारी ये."

रविवारी काकू पुढे बसल्या, मी मागे. गाडी यिशुनहून निघून पूर्वेच्या बाजूला लागली. मी सगळा रस्ता कान देऊन बसलो होतो. सवय जात नाही, आणि खरं सांगायचं तर भीतीही गेलेली नाही. एका सिग्नलला गाडी थांबली. इंजिन इतकं मऊ चालत होतं की चीफसाहेबांनी आरशात बघून विचारलं, "बंद नाही ना पडली?"

"नाही सर, चालू आहे."

काकू म्हणाल्या, "हिरवा झालाय, चला." आणि आम्ही पुढे गेलो.