हात कुणाचे, पद्धत कुणाची

"हिला आरएनएला हात लावू देऊ नका. कातकरी वाडीतून येते. हात धुवायची सवय नसते यांना."

सर बोलले. सगळ्यांसमोर. मुरबाडच्या कॉलेजची प्रयोगशाळा, सात जण. कुणी हसलं नाय. मी हातमोजे घालून उभी होते. सगळ्यांसारखेच.

काम कडूकंदावर होतं. आमच्या टोकावड्याकडच्या रानातला कंद. मीच खणून आणलेला. त्याच्यातून आरएनए काढायचं. आरएनए फार नाजूक. हाताच्या घामानंही तुटतं. म्हणून सरांना माझे हात आठवले.

आरएनए शाबूत निघालं, तर तपासणीच्या जेलवर दोन ठळक पट्टे दिसायला हवे होते. प्रत्येक वेळी नुसता धूसर डाग. सर तयार रसायनांचं महागडं किट वापरायला लावायचे. नळीतल्या चाळणीत कंदाचा चिकटा अडकायचा. हा चिकटा मी लहानपणापासून बघत आले. आई म्हणायची, "हा असा सुटत नाय गो. आदी राखेत उकडाय लागतो."

मी सरांना म्हटलं होतं, "सर, या कंदाला किट चालणार नाय. सीटॅब रसायनाची जुनी पद्धत घेऊ. चिकटा आधी वेगळा होतो."

"दोन दिवस लागतात त्याला. तू नमुने आण फक्त."

कंदातली प्रथिनंही मोजायची होती. तिथंही तेच. निळ्या रंगाची झटपट चाचणी चालू होती. आमच्या द्रावणात साबणासारखं रसायन. त्यात कंद नसला तरी निळं यायचं. मी ते दाखवलं. कुणी पाहिलं नाय.

मग त्या दिवशी सरांनी कागद पुढे केला. 'नमुने माझ्या हाताळणीमुळे खराब झाले.' खाली माझं नाव टाइप केलेलं.

किती वर्षं ऐकतेय. शाळेत, होस्टेलात, इथंही. रडू आलं नाय. फक्त थकवा आला.

"सही करणार नाय," मी म्हटलं. "एकच कंद घ्या. अर्धा तुमच्या हातानं, अर्धा माझ्या. दोन्ही पद्धतींनी."

विभागप्रमुख मॅडम दारात होत्या. त्या म्हणाल्या, "करून बघा की."

सरांना करावं लागलं. किटनं त्यांचाही डागच आला. सीटॅबनं दोघांचे पट्टे स्वच्छ. प्रथिनांसाठी मी साबण सहन करणारी जांभळ्या रंगाची चाचणी घेतली. तीनदा मोजलं, आकडे तिन्ही वेळा जुळले.

सर जेलकडे बघत म्हणाले, "बरं, पद्धत बदलू या." बस. माझ्याकडे बघितलंही नाय.

मला वाटलेलं, त्या दिवशी हलकं वाटेल. नाय वाटलं. संध्याकाळी एसटीत बसून झोपले. टोकावडं आलेलं कळलं नाय, कंडक्टरनं उठवलं.

गेल्या आठवड्यात शोधनिबंधाचा मसुदा आला. पद्धत सरांच्या नावावर. शेवटी आभारात माझं नाव, 'नमुने गोळा करण्यात मदत'.

मी सरांना लिहून पाठवलं: सीटॅब आणि जांभळी चाचणी, दोन्ही मी निवडल्या. मोजमाप मी केलं. लेखकांत माझं नाव घाला. नायतर माझे आकडे काढा.

उत्तर नाय आलं. मॅडमनी फोन केला, "जरा समजुतीनं घे."

समजुतीनं खूप घेतलं. आता निबंधावर माझं नाव घेणार.