वटारची छऱ्याची बंदूक

शिवणयंत्राच्या तेलाचा वास आला की मला वटार गावचा तो बंदुका घडवणारा आठवतो; बंदुकांना तो तेच तेल लावायचा. पोपटांपासून वाडीतले पेरू वाचवायला तुमचे आजोबा त्याच्याकडून छऱ्याची जुनी बंदूक घेत होते. कुणा गिऱ्हाइकाने परत केलेली. बंदूकवाल्याने झाडाला टांगलेल्या डब्यावर तीनदा नेम धरून छरे झाडले आणि डबा आणून मिरवला, “बघा, तिन्ही छरे आरपार!” भोकांच्या कडा गंजलेल्या होत्या. मी ते दाखवताच तो हसला, “काकी, तुम्हाला बंदुकीतलं काय कळतं?” “गंजातलं कळतं,” मी म्हणाले. तुमच्या आजोबांनी माझ्याकडे रागाने पाहिलं आणि बंदूक घेतलीच. पेरू पोपटांनीच खाल्ले. आता ती तोंडलीच्या मांडवाला टेकू आहे, आणि पोपट तिच्यावरच बसतात.