वरकसाचं शहर

माघ लागला की धोंडूबाई कोयता घेऊन खालापूरमागच्या टेकाडावर चढायची. ऐनाच्या फांद्या तोडायची आणि टहाळाची ओझी डोक्यावरून शेतात आणायची. शेण, टहाळ, गवत अंथरून रोपाची जागा भाजायची, तो राब. राब भाजल्याशिवाय भाताचं रोप जोर धरत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून ते टेकाड, म्हणजे गावाचं वरकस, खाचरांइतकंच जपलं जायचं.

ठाऊक नव्हतं ते शहाण्यांना. शेहेचाळीस साली विलायतेतल्या कुठल्याशा कंपनीचे दोन साहेब उगवले. त्यांच्या मालकांचा पैसा म्हणे तिकडे नुसता पडून होता, त्यातून त्यांना इथं शहर बांधायचं होतं. कारखाना, बंगले, नळ, विजेचे दिवे, सगळं कागदावर तयार. जागा तेवढी गावाची हवी होती.

गावात इंग्रजी येणारा एकटा बुधाजी, धोंडूबाईचा नवरा. माथेरानच्या हॉटेलात दोन हंगाम बश्या विसळल्या, एवढंच त्याचं शिक्षण. तोरा मात्र बॅरिस्टरचा. त्यातल्या एका साहेबानं टेकाडाकडे छडी करून विचारलं, हे काय? "वरकस, सर." साहेबाला कळेना. तेव्हा बुधाजीनं हॉटेलातल्या खरकट्याच्या पिंपावर वाचलेला शब्द ऐटीत फेकला, "वेस्ट, सर! ऑल वेस्ट!" साहेब खुलला. नकाशावर तेच लिहिलं गेलं.

भाताच्या खाचराला हात लावणार नाही, असं कंपनीनं सांगितलं आणि गाव खुळ्यासारखं खूश झालं. अंगठे उठू लागले. धोंडूबाई चावडीपुढे ओरडली, "अरं, राब कशाचा भाजाल? सायबाच्या टोप्यांचा?" बाई बोलली की हसायचं, एवढंच पंचांना येत होतं. ते हसले.

बुधाजीनं साहेबाला विचारून निरोप आणला, "अगं, नकाशात हिरवी जागा ठेवलीय. पार्क म्हनत्यात. झाडं तशीच ऱ्हानार." झाडं राहणार म्हणजे टहाळ मिळणार, असं धोंडूबाई समजली. देवराई सोडली तर न तोडायचं झाड तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. ती गप्प बसली, आणि तिथंच चुकली.

दोन वर्षांत बंगले उठले. मधे स्वातंत्र्य आलं, पण कंपनी जागची हलली नाही. माघात धोंडूबाई टेकाडावर गेली तर तारेचं कुंपण, आणि फाटकावर खाकी चढवून बुधाजी उभा.

"पास हाय का?" त्यानं बायकोला विचारलं.

"कसला पास? टहाळ न्यायचाय."

"फांदी तोडायची नाय गं. सायेबलोक हितं हवा खात्यात."

"आनि आमी काय खायचं?"

"सायेब म्हनतो, भात बाजारात मिळतो."

एवढी अक्कल आगबोटीत घालून सातासमुद्रापलीकडून आणली होती! धोंडूबाईचं डोकं फिरलं. घरी येऊन तिनं पडवीचं पेंढ्याचं छप्पर ओढून काढलं आणि वैशाखात राबावर घातलं. नेमकी त्याच पडवीत बुधाजीची बाज असायची.

"अगं, पावसाळ्यात मी निजू कुटं?"

"सायबाच्या हवेत," ती म्हणाली.

त्या छपरानं एका खाचरापुरतं रोप आलं. बाकीच्या तीन खाचरांत गवत माजलं. पुढल्या वर्षी जाळायला छप्परही उरलं नव्हतं.