डोळ्याला दिसत नाही तेवढं

माझी मुलगी चालण्याच्या शर्यतीत उतरते. या शर्यतीत धावायचं नसतं. एक पाऊल कायम जमिनीला टेकलेलं हवं आणि पुढे पडणारा पाय गुडघ्यात सरळ. पंच कडेला उभे राहून नुसत्या डोळ्यांनी बघतात. दोन्ही पाय हवेत दिसले की खेळाडूविरुद्ध नोंद होते, आणि अशा नोंदी वाढल्या की तो बाद.

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून मी तिला रोज सकाळी मैदानावर सोडायचे. ऑफिसात माझं काम प्रशिक्षणाचे व्हिडिओ करण्याचं, त्यामुळे तिच्या कोचसरांनी मुलींची चाल टिपायला कॅमेरा निवडायचं काम माझ्यावर टाकलं. "मॅडम, आप ही देख लीजिए. स्लो मोशन साफ दिखना चाहिए, बस."

मी ते मनावर घेतलं. नेहरू प्लेसच्या दुकानात लेकीलाच दोन काउंटरांमधून चालायला लावलं आणि एकेका कॅमेऱ्यानं चित्रण केलं. साध्या कॅमेऱ्यात पावलं पुसटली. दुसरा सेकंदाला भरपूर चित्रं टिपायचा, पण चित्र बारीक आणि खरखरीत. शटर वेगवान ठेवलं तर पाऊल स्पष्ट उमटतं, पण उजेड जास्त लागतो, आणि दिल्लीच्या हिवाळी सकाळी तो कुठून आणायचा? शेवटी अंधुक उजेडातही काम देणारा एक सापडला.

"कॅमेऱ्याची तिपाई घोट्याच्या उंचीवर ठेव," मैदानावर मी लेकीला म्हटलं.

"घोटा म्हणजे?"

"अँकल गं."

"अच्छा."

पहिल्या आठवड्यात चित्रण मीच करायचे आणि खूश होते. पाऊल टेकताना लेकीचा डावा गुडघा किंचित वाकतो, हे मलाच काय, सरांनाही आजवर दिसलं नव्हतं. तिनं तो सुधारला. मग सरांनी सगळ्या मुलींची चित्रणं लॅपटॉपवर लावली. जवळजवळ प्रत्येकीचे दोन्ही पाय क्षणभर हवेत होते. एकच मुलगी, गाझियाबादहून येणारी, जमीन सोडत नव्हती, आणि तीच सर्वांत मागे राहायची.

मला वाटलं, आता सर बाकीच्यांचे पाय जमिनीवर आणतील. सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि एकेक चित्र सरकवत शिकवायला सुरुवात केली. "इतना चलेगा. इससे ज़्यादा पंच पकड़ लेगा. उतना ही उड़ो जितना दिखे नहीं." मग गाझियाबादच्या मुलीकडे वळून म्हणाले, "और तुम ज़मीन से चिपकी रहोगी तो घर बैठो."

सगळ्या हसल्या. माझी लेकसुद्धा हसली. मी इतक्या निगुतीनं निवडलेलं यंत्र हा माणूस चोरीची हद्द आखायला वापरत होता, आणि वर चहाचे घुटके घेत होता.

मुली पांगल्यावर मी सरांना म्हटलं, "सर, ये तो गलत सिखा रहे हैं आप."

"नियमच तसा आहे म्हणा ना, मॅडम," ते मुद्दाम मराठीत बोलून गोड हसले. "आँख से न दिखे तो फाउल नहीं."

ते खोटं बोलत नव्हते, याचीच मला जास्त किळस आली.

पुढच्या स्पर्धेत लेक दुसरी आली. तिच्याविरुद्ध एकही नोंद नव्हती. गाझियाबादची मुलगी शेवटून तिसरी आली आणि कडेला बूट काढत बसली. सर तिच्याजवळून फोनवर हसत निघून गेले.

गाडीत मी लेकीला म्हटलं, "त्या मुलीकडे बघून तुला काही वाटलं नाही?"

"आई, सगळेच करतात यार. बिल्कुल नॉर्मल आहे. तिला कुणी अडवलंय?"

इतक्या निवांतपणे बोलली ती, की गाडी थांबवून उतरावंसं वाटलं. मी पदकाकडे पाहिलं नाही. तिनंही ते दाखवलं नाही.

त्या रविवारी मी सरांना सांगितलं की चित्रण करायला मी येणार नाही. "कोई बात नहीं," ते म्हणाले. त्यांनी एका मुलीच्या भावाला कामाला लावलं. गाझियाबादच्या मुलीनं महिन्याभरात येणं सोडलं. तिला फोन करायचं दोनदा मनात आलं, पण तिला काय सांगणार होते मी?

लेक अजून तिथेच जाते. आता ती मेट्रोनं जाते. घरी आली की मी जेवण वाढते, शर्यतीचं विचारत नाही. भिंतीवरच्या पदकांवर धूळ साचते. ती तिची तिनं पुसावी, असं मी ठरवलंय.