मागच्या सीटचं वजन

"पयले माणसं बसवा, मंग पाना लावतो," हे त्यांचं पहिलं वाक्य. गाडी कोणाचीही असो, फिटरकाका आधी मागचं दार उघडत आणि इथे कोण बसतं ते विचारत. रिकाम्या गाडीच्या स्प्रिंगला त्यांनी कधी हात लावला नाही. लग्नाला निघालेलं अख्खं कुटुंब त्यांच्या शेडसमोर नटूनथटून गाडीत कोंबलेलं मी पाहिलं आहे. नवरदेवाची आत्या घामाने भिजली होती, आणि काका चाकाशी वाकून तिलाच दम देत होते, "हालू नका न बाई!"

तुमसरच्या एका राइस मिलमध्ये त्यांची उमर गेली. धान चाळणारी मोठी चाळणी स्प्रिंगांवर थरथरते. तिची नाडी ओळखता ओळखता ते गाड्यांकडे वळले. मिलच्या भिंतीला लागून टिनाची शेड टाकली. बोलणं कमी, हट्ट भारी. तुमच्याही गावात असा एखादा असेलच, ज्याच्यापुढे उभं राहिलं की उगाच अपराधी वाटतं.

मी तर खरीच अपराधी होते. बाबांच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं आणि दर आठवड्याला त्यांना व्यायामाच्या उपचारासाठी भंडाऱ्याला न्यावं लागे. हे चुकवलं तर पुन्हा चालणं कठीण, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बाबा वनखात्यात नाकेदार होते. आंबागडकडचं जंगल त्यांनी जन्मभर पायी तुडवलं. आता ते रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला दात आवळत. मी शहाणपणा करून नागपूरहून गाडीला कमी-जास्त करता येणाऱ्या स्प्रिंगा बसवून आणल्या आणि "पूर्ण आवळा" म्हणून सांगितलं. घट्ट म्हणजे मजबूत, एवढीच माझी अक्कल. त्या आठवड्यात वाटेतलं मोहाडी येईस्तोवर बाबा म्हणाले, "बस झालं, बेटा. पुढच्या खेपेले मी येत नाही."

घाबरून मी काकांची शेड गाठली. त्यांनी गाडीखाली डोकावून पाहिलं.

"एवढी काहून आवळली?"

"कडक व्हावी म्हणून."

"आवळून स्प्रिंग कडक होत नाही, मॅडम. आहे तेवढीच राह्यते. गाडी उचलली गेली फक्त. आता चाकाले खाली जायले जागाच नाही. खड्डा आला का गाडी आदळते. माणूस बसला का थोडी दबली पायजे न थे!"

मग नेहमीचा प्रश्न. बाबांना आणणं शक्य नव्हतं, म्हणून मी त्यांचं वजन सांगितलं, पंच्याहत्तर. काकांनी मिलमधून तांदळाचे दोन कट्टे आणले, एक पन्नास किलोचा आणि एक पंचवीसचा. ते मागच्या सीटवर ठेवले, मला स्टिअरिंगपाशी बसवलं आणि स्प्रिंगखालची रिंग सैल केली.

बाबांना गावातच एक चक्कर मारून आणलं. गाडी सुधारली होती, पण बाबांचा चेहरा नाही. हे कानावर गेलं तसे काका सायकलने आमच्या घरी आले. बाबांशी बिबट्यांबद्दल भरपूर बोलले, आणि निघताना अंगणात मला हळूच म्हणाले, "हे पंच्याहत्तर नाहीत."

मला माहीत होतं. खांद्यावरून घसरणारे त्यांचे शर्ट मीच तर धूत होते. पण तोंडातून आजारापूर्वीचा आकडा निघाला, कारण दुसरा उच्चारला असता तर तो खरा झाला असता. मी तिथेच रडले. रडणाऱ्या माणसाचं काय करावं हे काकांना कळत नसे. "उद्या आणा गाडी. पंचवीसचा कट्टा काढून टाकू," एवढं बोलून ते गेले.

रिंग आणखी दोन फेरे सैल झाली. मोजायला गेलं तर बोटभरही फरक नाही. बाबांना गाडीमुळे बरं वाटलं, की कोणीतरी आपल्या आताच्या अंगाप्रमाणे गाडी लावून दिली म्हणून, हे मी सांगू शकत नाही. ते कुरकुरत का होईना, पण भंडाऱ्यापर्यंत आले. पुढच्या आठवड्यालाही आले.

त्यानंतर दर महिन्या-दोन महिन्यांनी बाबांना घेऊनच मी शेडवर जाऊ लागले. काका त्यांना मागे बसवून रिंग जराशी वर चढवत. "नाकेदारसाहेब जेवून राहिले वाटते!" म्हणत. बाबा लाजत. आमच्या घरात वजनकाटा नव्हता; बाबा भरून येत आहेत हे आम्हाला काकांच्या पान्यावरून कळायचं.

आता काका लेकीकडे गोंदियाला असतात. पूर्वी गोंदिया आपल्याच भंडारा जिल्ह्यात होतं, आता मला परजिल्ह्यात पाठवून राहिले, अशी तक्रार करत गेले. शेडच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. तिथून जाताना मला मात्र आमची शेवटची खेप आठवते.

काका गाडीकडे तोंड करून मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते, तळवा मडगार्डवर टेकलेला. एरवी बाबांना उतरवायला एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने मिलमधला कोणी हमाल लागे. तेवढ्यात गाडी तीनदा हेलकावे खाई. त्या दिवशी मी शेडच्या आत बाबांसाठी पाणी भरत होते. दार उघडल्याचा आवाज आला. गाडी एकदाच, सावकाश वर आली आणि थांबली. काकांचा तळवा तिथेच राहिला. मान न वळवता त्यांनी विचारलं, "नाकेदारसाहेब, एकलेच उतरले न तुमी?"