काकांचं निळं निर्माल्य

आमच्या शेजारच्या काकांइतका भाविक माणूस काशीत दुसरा झाला नाही, आणि काशीच्या पाण्याची त्यांच्याइतकी नासाडीही दुसऱ्या कुणी केली नाही.

काका दूधविनायकाच्या आमच्या गल्लीत राहत आणि गावाबाहेरच्या एका कुंडाकाठच्या गणपतीची पूजा करत. निर्माल्य म्हणजे त्यांचा जीव की प्राण. देवाला वाहिलेली एखादी पाकळी रस्त्यात दिसली की भर गर्दीत फतकल मारून बसत, ती डोळ्यांना लावत आणि मागे खोळंबलेल्या सांडाला म्हणत, "ठहरो भैया!" सांड थांबत असे. एकदा माझ्या कोटाला चिकटलेली झेंडूची पाकळी त्यांना दिसली. तिचं विसर्जन करायला त्यांनी मला कोटासकट कुंडात उतरवलं. त्या दिवशी मी शाळेत ओल्या कोटात भूगोल शिकवला.

त्याच कुंडात एक म्हातारं कासव होतं. पूजा आटोपली की काका कणकेच्या गोळ्या घेऊन शेवटच्या पायरीवर बसत आणि हाक मारत, "या, आजोबा." आजोबा डोकं वर काढून गोळी घेत आणि काकांची सगळी गाऱ्हाणी ऐकून घेत. काकू म्हणायच्या, "मला विचारून कधी सब्जी आणली नाहीत, आणि कछुव्याला विचारून मुहूर्त काढता!"

एकदा काका कलकत्त्याला यजमानाकडे गेले आणि येताना तांब्यातून एक रोप घेऊन आले. पाण्यावर तरंगणारं, फुगीर देठांचं, वर निळंजांभळं फूल.

"मास्तर, पाकळी बघा! मोरपिसाचा डोळाच की नाही? साहेबाच्या बागेतलं आहे, समुद्रापलीकडून आलंय. आता बाप्पाला रोज ताजं फूल!"

"साहेबही समुद्रापलीकडूनच आले," काकू आतून म्हणाल्या. "गेले का अजून?"

काकांनी रोप कुंडात सोडलं. एका पावसाळ्यात त्यानं अर्धं कुंड व्यापलं आणि दिवाळीपर्यंत पाणी दिसेनासं झालं. एका बकरीला ते कुरण वाटलं. तिला बाहेर काढताना काकांची पगडी तळाला गेली. मग मोहल्ल्यातल्या लोकांनी ढीगभर जलपर्णी उपसून उकिरड्याकडे चालवली, तर काका हात पसरून आडवे. "इसी का फूल भगवान को चढ़ता है! कूड़े में नहीं जाएगा!" निर्माल्याची जागा पाण्यात. गंगा लांब, म्हणून त्यांनी टोपल्या डोक्यावर घेऊन सगळा ढीग मंत्र म्हणत शेजारच्या कुंडात सोडला. ते भरलं तेव्हा तिसऱ्यात. काकांच्या भक्तीनं वर्षभरात तीन कुंडं हिरवीगार झाली. मी हसून हसून बेजार झालो होतो.

पण आजोबा वर यायचे थांबले. मेलेल्या मासळीचा वास सुटला होता. काका रोज पानं बाजूला सारून हाक मारत आणि पानं पुन्हा मिटत. आठवडाभर गोळ्या त्यांच्या हातातच वाळल्या.

"मास्तर," ते एका सकाळी म्हणाले, "मीच कोंडलं हो त्याला."

आणि पंचा कसून ते कुंडात उतरले. मीही उतरलो, या वेळी कोट काढून. मागाहून मोहल्लाही आला. कितीतरी दिवस आम्ही तिन्ही कुंडं उपसत होतो. जलपर्णी पायऱ्यांवर कडक उन्हात वाळली आणि एका पाकळीसाठी सांड थांबवणाऱ्या त्या माणसानं तिला स्वतःच्या हातानं काडी लावली. हात जोडून म्हणाले, "बाप्पा, चूक माझी आहे, फुलाची नाही."

काडी लावल्यावर तिसऱ्या सकाळी पाण्यातून एक डोकं वर आलं. काकांनी लगबगीनं गोळी काढली. ती पुढे धरून ते ढसाढसा रडले, आणि त्यांच्याबरोबर मीही.

त्यानंतर काकांनी गणपतीला फूल वाहिलं नाही. फक्त दूर्वा.

आता काका नाहीत. आजोबांना गोळ्या मी घालतो. परवा पावसात कुंडाच्या कोपऱ्यात एक रोप पुन्हा फुललेलं दिसलं. मोरपिसाचा डोळा! इतकं सुंदर, की काकांना दाखवायला मी मागे वळलो. पायरी रिकामी होती. मग ते रोप मुळासकट उपटलं, वरच्या पायरीवर ठेवलं आणि पाण्याकडे तोंड करून हाक मारली, "या, आजोबा."