गुच्छातली भर

निंदणी सुटावी म्हणून मी कॉलेजात गेले, असं म्हटलं तर ते अगदीच खोटं होणार नाही. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटक ओलांडलेलं नव्हतं, त्यामुळे आत नेमकं काय करतात हे सांगणारं कोणी नव्हतं. तिथं बाकावर बसायचं असतं एवढं मला ठाऊक होतं. झेंडूच्या सरीत उकिडवं बसून खुरपं चालवण्यापेक्षा बाक बरा, असा माझा साधा हिशेब होता.

आमचं वावर नाशिकच्या बाहेर, लुनावरून रोज बाजार गाठता येईल इतकं जवळ. झेंडू, ॲस्टर आणि विहिरीच्या बाजूला थोडा गुलाब. अण्णा, म्हणजे माझे वडील, पहाटे फुलं बाजारात नेत आणि कुणी सांगितलं तर गुच्छही बांधून देत. गुच्छ बांधायला ते कुणाकडे शिकले नव्हते. एका मंगल कार्यालयात हार पोचवायला गेले असताना नवरदेवाच्या हातातला गुच्छ त्यांनी टक लावून बघितला, इतका की नवरदेवाने तो दुसऱ्या हातात घेतला. घरी येऊन त्यांनी तसाच बांधला. तेव्हापासून कुठल्याही समारंभात अण्णा आधी गुच्छ बघत, मग माणूस.

पहिल्या वर्षाला वनस्पतिशास्त्राच्या सरांनी वर्गात विचारलं, "रविवारी टेकडीवर कोण कोण येणार?" पुढच्या बाकांवरचे हात वर गेले. मला वाटलं सक्तीचं आहे. मीही हात वर केला. हे ऐच्छिक आहे हे नंतर कळलं, पण वर केलेला हात खाली कसा घ्यायचा हे मला सुचेना. रविवारी टेकडीच्या पायथ्याशी सरांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि माझ्या हातात एक वस्तू दिली. खुरपं.

आईला हसू आवरेना. "घरचं निंदणं नको, आणि डोंगराला निंदायला जाते. डोंगर काय भाकर देतो का तुला?"

"आई, तिथं जंगल परत येतंय. त्याला जागा…"

"येऊ दे की. तू काय त्याला आणायला स्टँडवर जाते?"

पुढच्या रविवारपासून मी घरी फक्त टेकडीवर माजलेल्या घाणेरीबद्दल सांगू लागले. घाणेरीला काटे असतात, तिची मुळं काढायला टिकाव लागतो, त्यात काहीतरी पराक्रम आहे. उरलेला वेळ आम्ही टेकडीवर गाजरगवत उपटत होतो, हे मात्र मी सांगितलं नाही. ते काम आमच्या बांधावरच्या कामासारखंच होतं आणि आईने मला घरातच बसू दिलं नसतं.

टेकडीवर पूर्वी दाट झाडी होती म्हणे. ती तोडली गेली, पण बुंधे आत जिवंत होते. सागाचे, धावड्याचे, पळसाचे फुटवे वर येऊ बघत, आणि त्यांच्यावर घाणेरीचं जाळं बसलेलं. घाणेरी काढली की मोकळ्या जागी गाजरगवत धावत येई. सर म्हणत, "आपल्याला झाडं लावायची नाहीत. झाडं आहेतच. त्यांच्या छातीवर बसलेल्यांना फक्त उठवायचं." एखादा बोटभर फुटवा दिसला की ते पालथे पडून बघत. आम्ही त्यांच्याकडे बघत असू.

खुरपं मला धरता येतं हे मी पहिले काही रविवार लपवलं. शहरातल्या कॉलनीतून येणाऱ्या मुली हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून दोन बोटांनी गवत ओढत. मीही पिशव्या बांधल्या आणि तसंच ओढलं. त्यातल्या एकीशी माझी मैत्री झाली. ती एकदा म्हणाली, "तू किती हळू काढतेस गं." मला फार बरं वाटलं.

सरांचा एकच नियम कडक होता. फुलावर आलेलं गाजरगवत कुठंही टाकायचं नाही, पोत्यातच भरायचं. एका झाडाला किती बी धरतं ते सर सांगत, आणि दर रविवारी तो आकडा वाढत असे. एकदा एका मुलाच्या मोज्याला चिकटलेली डहाळी त्यांना बसथांब्यावर दिसली. ती पोत्यात टाकायला ते एकटे टेकडीवर परत गेले. त्यांची बस चुकली.

गणपती उठल्यावर वनखात्यातून निवृत्त झालेले एक साहेब टेकडी बघायला येणार असं ठरलं. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्याकडे फुलं असतात ना? एक गुच्छ मिळेल का?"

घरी सांगितलं आणि अण्णा हातातला चहा ठेवून उठलेच. तोवर कॉलेजने आमच्या घराकडून फक्त फी मागितली होती. आता काहीतरी असं मागितलं होतं जे अण्णांना येत होतं. रविवारी सकाळी ते दाढी करून, इस्त्रीची टोपी घालून तयार. "लेकीच्या सरांचा गुच्छ. मी स्वतः देणार," ते म्हणाले. जिलेटिन पेपरचा नवा रोल त्यांनी खास त्यासाठी फोडला होता.

लुनावर मी मागे बसले, गुच्छ मांडीवर. रस्त्यात खड्डा आला, गुच्छ नाकाशी आला आणि मला शिंक आली. मग दुसरी आली. मी गुच्छाकडे नीट बघितलं. लाल गुलाब, जांभळे ॲस्टर, आणि मधल्या सगळ्या फटींत पांढरी, बारीक, भुरभुरीत फुलं.

ती फुलं मी लहानपणापासून बघत होते. घरात त्यांना आम्ही 'भर' म्हणत असू. 'जा गं, बांधावरून मूठभर भर आण,' असं अण्णा सांगत आणि मी आणत असे. बाजारातले बरेच जण तेच घालत, फुकट मिळतं आणि गुच्छ फुगतो. वरणात पाणी घालतात तशी ती गुच्छातली भर. घरातली भर आणि टेकडीवरचं गाजरगवत एकच, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण दोन्ही गोष्टी डोक्यात एका वेळी कधी आल्याच नव्हत्या. त्या आल्या त्या लुनावर.

माझ्या डोळ्यांपुढे पुढचं सगळं उभं राहिलं. पाहुणे, सर, कॉलनीतल्या मुली, आणि मधोमध इस्त्रीच्या टोपीतले अण्णा, गाजरगवत हटवण्याच्या कार्यक्रमात गाजरगवताचा गुच्छ देत आहेत. सगळे हसणार आणि का हसतात ते अण्णांना कळणार नाही.

मी कागदाच्या वरच्या तोंडातून दोन बोटं आत घातली आणि एकेक पांढरा तुरा उपटू लागले.

"काय कडकड वाजतंय गं?" अण्णांनी न वळता विचारलं.

"वारा आहे."

"कागद धरून ठेव. नवा रोल हाय."

उपटलेलं टाकायचं कुठं? रस्त्यावर हात सैल करणार तोच सरांची चुकलेली बस आठवली. मग मी ते ओढणीच्या टोकात बांधत गेले. टेकडीशी पोचेपर्यंत ओढणीला पेरूएवढी गाठ झाली होती, मान खाजत होती, आणि गुच्छातली अर्धीच भर निघाली होती.

अण्णांनी लुना स्टँडला लावली, गुच्छ हातात घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. "अगं, हा बसला कसा? सकाळी कसा टम्म होता." त्यांनी इकडंतिकडं बघितलं. पायथ्याशी, जिथं आमचं काम अजून पोचलं नव्हतं, गाजरगवत कमरेइतकं माजलं होतं. "हात्तिच्या, हितं तर लय भर हाय!" असं म्हणून त्यांनी दोन मुठी खुडल्या आणि माझ्यासमोर गुच्छ पहिल्यापेक्षा जास्त भरला.

"अण्णा, ते घालू नका."

"का?"

"आम्ही इथं येतो ते हेच काढायला."

"तू तर घाणेरी म्हणत होती."

"घाणेरी पण. आणि हे पण."

अण्णांनी गुच्छाकडे बघितलं, मग टेकडीकडे. "म्हंजे उंदीर मारायच्या कार्यक्रमाला मी टोपी घालून उंदीरच घेऊन आलो म्हण की."

काढायला वेळ उरला नव्हता. सर पाहुण्यांना घेऊन समोरून येत होते, मागे सगळी मुलं. सरांची नजर गुच्छावर गेली. त्यांचा हात सवयीने पुढे आला आणि मध्येच थांबला. मागून माझी मैत्रीण कुजबुजली, "अय्या, बुकेत गाजरगवत!" आणि खसखस पिकली.

मी म्हणाले, "सर, ते…"

अण्णा मात्र बाजारात वाढलेले. सुकलेला झेंडू गिऱ्हाइकाने हातात धरून दाखवला तरी त्यांची जीभ अडत नसे. ते एक पाऊल पुढे झाले. "साहेब, राम राम. हा गुच्छ अजून तुमचा नाय. ह्यात डोंगराचा दुश्मन लपलाय. तो तुम्ही आधी तुमच्या हातानं काढायचा, मगच गुच्छ घ्यायचा. हेच उद्घाटन."

खसखस थांबली. मला बोलता येत नव्हतं, पण पोतं धरता येत होतं. मी पळत जाऊन एक रिकामं पोतं आणलं आणि पाहुण्यांपुढे उघडून धरलं.

साहेब मोठ्याने हसले. चष्मा सारखा करून त्यांनी एक तुरा ओढला आणि पोत्यात टाकला. टाळ्या पडल्या. मग दुसरा, तिसरा.

"देठाला धरा साहेब, गुलाबाचा काटा लागंल," अण्णा सांगत होते. "आन् तो डावीकडचा राहिला."

शेवटी गुच्छात गुलाब आणि ॲस्टर तेवढे उरले, एकमेकांपासून लांब, नातं नसल्यासारखे. साहेब म्हणाले, "बराच विरळ झाला हो."

"निंदल्यावर वाफा असाच दिसतो. पुढच्या पावसात बघा."

"तोडलेली फुलं पुढच्या पावसात?"

"मी डोंगराचं म्हणतोय, साहेब."

सगळे पुन्हा हसले. यावेळी का हसतात ते अण्णांना बरोबर कळत होतं, आणि टोपी जरा मागे सरकवून तेही हसले.

वर चढताना सरांनी मला विचारलं, "कल्पना छान होती. कुणाची?"

"अण्णांची," मी म्हणाले. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून ओढणीची गाठ पोत्यात सोडली. त्या दिवशी मी खुरपं नीट धरलं. अण्णा शेजारच्या ओळीत होते, त्यांच्यासमोर दोन बोटांनी गवत ओढायची सोय नव्हती. मैत्रीण माझ्याकडे बघतच राहिली.

परत येताना गावाच्या वळणावर लुना हळू करून अण्णा म्हणाले, "ते सगळं ठीक हाय. पण आता भरीला काय घालू?"

हा प्रश्न दिवाळीपर्यंत आमच्या घरात होता. आईने सुचवलं, "डोंगरालाच विचारा की." मग कोथिंबिरीचा भाव पडला आणि शेजारच्यांचं अख्खं वावर न काढता फुलावर गेलं. पांढरी, बारीक, भुरभुरीत फुलं. अण्णा बांधावर उभे राहून त्याच्याकडे बघत होते, मंगल कार्यालयात गुच्छाकडे बघितलं होतं तसे.

त्या लग्नसराईतला पहिला गुच्छ पोचवायला मीही गेले होते. नवरदेवाने तो हातात घेतला, वास घेतला आणि विचारात पडला. शेजारच्या मामांनी नाक वर करून विचारलं, "पंगत बसली का रे?"

अण्णा मांडवाच्या खांबाआड माझ्या शेजारी उभे होते. "वासाचं मी बघतो," ते हळूच म्हणाले. "पण फुगलाय कसा, ते बघ."